मे महिन्यात बिनएसीच्या फियाटने निघण्याआधी

आमच्या प्रीमियर पद्मिनीला घरात अजूनही सगळे फियाटच म्हणतात. तिला एसी नाही, आणि दर मे महिन्यात तिच्यातून कोथरूडहून वाईला एक फेरी होतेच. चार वर्षांपूर्वी भर दुपारी तीनला वाईहून परत निघालो. शिरवळ मागे पडलं आणि मागच्या सीटवरची आई बोलायची थांबली. मला वाटलं, डोळा लागला असेल. वळून पाहिलं तर चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, आणि विचारलेल्याला उत्तर द्यायलाही वेळ लागत होता. सावलीत थांबलो, मानेवर ओला पंचा ठेवला, घोट घोट पाणी दिलं, तेव्हा अर्ध्या तासाने ती सावरली. मी पुढे वारा खात बसलो होतो, मागे भट्टी झाली होती हे मला कळलंच नाही. खालची तयारी त्या दुपारनंतर एकेक करून बसवत आणली आहे, आणि ती सगळी मागे बसणाऱ्याच्या हिशेबाने आहे.

सुरुवात आठ दिवस आधी, बॉनेट उघडून. इंजिन गरम झालं तर माणसं रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहतात, म्हणून हे आधी. गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं, झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर झाकणच बदलायचं. त्या रबरामुळे आत दाब राहतो आणि पाणी उशिरा उकळतं. होज पाइप दाबून बघायचे; फुगलेला किंवा कडक झालेला पाइप घाटात दगा देतो. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबावा, त्याहून ढिला नको. या गाडीचा पंखा बेल्टवर फिरतो, त्यामुळे सिग्नलला गाडी मंद चालू असली की पंखाही मंद. स्वारगेटच्या कोंडीत इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला तर न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरतो, पंखा जोरात फिरतो आणि काटा बहुतेक वेळा खाली येतो. नाहीच आला तर कडेला घेऊन इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कोणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही. अर्धा तास थांबायचं, मग जाड फडकं ठेवून.

दुसरं दुखणं पेट्रोलच्या पंपाचं. इंजिनच्या अंगाला जो पंप असतो त्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात, थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही. इंजिनच्या धगीने पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. गाडी आचके देऊन बंद पडते आणि सेल्फ कितीही मारला तरी घेत नाही. खंबाटकी घाटाच्या चढावर आमचं हे एकदा झालं आहे. उपाय जुनाच आहे: सुती फडकं ओलं करून, पिळून, पंपाभोवती गुंडाळायचं. पाणी डिस्ट्रिब्युटरवर किंवा प्लगच्या वायरींवर, म्हणजे विजेच्या भागांवर, जाऊ द्यायचं नाही. दहा मिनिटांत गाडी सुरू होते. ते फडकं आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन डिकीत कायम ठेवतो. हे पाणी गाडीचं, पिण्याचं वेगळं. त्याच वेळी डॅशबोर्डखाली हात घालून वायरी आणि पेडल जिथून आत येतात ती भोकं तपासायची. तिथले रबर गळून गेलेले असतात आणि इंजिनची गरम हवा, कधीकधी धूरही, थेट पायाशी येतो. आमच्या मिस्त्रींनी नवे रबर बसवून वर नमद्याचा, म्हणजे जाड फेल्टचा, तुकडा लावला, तेव्हापासून पुढच्या माणसाचे पाय भाजत नाहीत. एवढ्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आता उन्हाची दिशा. हे मला फार उशिरा सुचलं. वाई-सातारा पुण्याच्या दक्षिणेला. सकाळी जाताना ऊन पूर्वेचं, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला. दुपारी परतताना तोंड उत्तरेला आणि ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा डावीकडेच. आई डावीकडे बसली होती. दोन्ही वेळचं ऊन तिच्या एकटीच्या अंगावर आलं आणि चालवणारा मी सावलीत राहिलो. आता या रस्त्याला आई माझ्या मागे बसते, सामान डावीकडे. नाशिकला जायचं तर उलटं: दोन्ही वेळा ऊन उजवीकडे, म्हणून आई डावीकडे आणि माझ्या उजव्या हाताला लांब बाहीचा सुती शर्ट. सोलापूरला सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा सूर्य समोर डोळ्यांत येतो, तिथे गॉगल आणि पुढची झापडं.

भर दुपारचा मामला निराळा. १३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य साडेबाराला बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावलीसुद्धा पडत नाही. अशा वेळी खिडक्यांपेक्षा टप, म्हणजे गाडीचं छत, तापतो. आमच्या गाडीला कॅरिअर आहे. त्यावर चटई पसरून तिच्यावर पांढरी चादर चारही कडांनी घट्ट आवळून बांधतो. टप आणि चटईमध्ये हवा खेळती राहते, आतल्या छताला हात लावला की फरक कळतो. सैल बांधली तर वाऱ्याने फाटून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाईल, म्हणून गाठी दोनदा बघायच्या. काचांना काळी फिल्म हा मार्ग आम्ही धरलाच नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली आहे. जाळीचे पडदे फक्त गाडी उभी असताना. रेक्झिनच्या सीटवर जुनी सुती चादर किंवा मण्यांचं कव्हर टाकलं की पाठीला घाम चिकटत नाही.

आदल्या रात्रीचं काम स्वयंपाकघरात. माठातलं पाणी स्टीलच्या दोन थर्मासमध्ये, वाळ्याची जुडी टाकून. कैरीचं पन्हं, ताक, आणि वाईट वेळेसाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईला रक्तदाबाचा त्रास असल्याने मिठाचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं आहे. न्याहारी हलकी, भरपेट मिसळ खाऊन चार तास गाडीत बसणं उन्हाळ्यात नको. पंचे माणशी दोन.

निघायचं पहाटे साडेपाचला. सहा वाजून गेले तरी चालतं, सात नाही. परतीला साडेपाचच्या आधी वाई सोडत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो आणि तीनच्या नि सहाच्या रस्त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चालत्या गाडीत वाऱ्याला आत यायची आणि बाहेर जायची, दोन्ही वाटा लागतात. फियाटच्या पुढच्या दारांना त्रिकोणी काचा आहेत, जुन्या गाडीचं हे खरं वैभव. थोडीशी उघडली तर ती आतली हवा बाहेर ओढते. पुरी फिरवून तोंड वाऱ्याकडे केलं तर बाहेरची हवा आत ढकलते. मी डावीकडची पुरी फिरवतो आणि आईच्या बाजूची मागची काच चार बोटं खाली ठेवतो. वारा गाडीतून तिरपा जातो आणि जाता जाता तिच्या अंगावरून जातो. पुढच्या दोन्ही काचा सताड उघडल्या की मला छान वाटतं, पण मागे नुसता आवाज पोचतो. मानेवर ओला पंचा एप्रिलच्या कोरड्या हवेत कमाल करतो. मेअखेरीस ढग दाटून घामाच्या धारा लागल्या की त्याचा तितका उपयोग नाही, तेव्हा जास्त वेळा थांबावं लागतं. तसे आम्ही तासाने थांबतोच, आणि खंबाटकी चढण्याआधी शिरवळला हमखास. आईला तहान लागली का असं विचारत नाही, पेला भरून हातात देतो. विचारलं की ती नको म्हणते.

गाडी उभी करताना आत्ताची सावली बघून चालत नाही, परत येऊ तेव्हाची बघायची. दुपारी सावली पूर्वेकडे सरकते, म्हणून इमारतीच्या पूर्वेला लावायची. बंद गाडी उन्हात अर्ध्या तासात बाहेरपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते. लहान मूल, म्हातारं माणूस, कुत्रा यांना पाच मिनिटांसाठीही आत ठेवायचं नाही. औषधं, पॉवर बँक, लायटर, अत्तराचे फवारे बरोबर घेऊन उतरायचं. परत आल्यावर एका बाजूची काच उघडी ठेवून विरुद्ध बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करायचं, कोंडलेली हवा बाहेर पडते. मग स्टिअरिंगवरून ओलं फडकं, आणि मगच आई आत बसते.

कोणी गप्प झालं, असंबद्ध बोललं, अंग तापलं असूनही घाम थांबला, तर उष्माघात समजून १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत आडवं करून कपडे सैल करायचे, अंगावर पाणी शिंपडत वारा घालायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

घरी पोचल्यावर एक काम उरतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी पूर्ण गार झाली की रेडिएटरमध्ये किती पाणी भरावं लागलं ते तारखेसकट ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत लिहितो. पेलाभर असेल तर ठीक. लिटरभर लागलं, तर गाडी पुढच्या फेरीआधी मिस्त्रींकडे.