गच्चीवरून मंगळ पाहताय? या चुका टाळा

उज्जैनचं मंगळनाथ हे मंगळाचं जन्मस्थान मानलं जातं आणि ते आपल्या इंदूरहून फार लांब नाही. घरात दुर्बीण आली की शनीच्या कड्यांनंतर मंगळाचीच फर्माईश होते. पण बहुतेकांना दिसतो तो थरथरणारा केशरी ठिपका. यात दुर्बिणीचा दोष क्वचितच असतो.

पहिली चूक म्हणजे वाटेल तेव्हा पाहणं. मंगळाचा व्यास ६,७७९ किमी, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम निम्मा. साधारण २६ महिन्यांनी तो जवळ येतो, तेव्हाच पाहण्यात अर्थ आहे. पुढची संधी फेब्रुवारी २०२७ची. त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्यामुळे या खेपेस तो २०१८पेक्षा खूपच लहान दिसेल. तरीही सुमारे १३० पट मोठा केला, तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. ७० मिमीच्या दुर्बिणीची मजल साधारण १४० पटींपर्यंतच. खोक्यावरच्या ५२५ पटींच्या नादी लागू नका, नुसता धुरकट गोळा हाती येईल.

थरथर होते ती दिवसभर तापलेल्या स्लॅबमुळे. अंगणात किंवा मातीवर उभे राहा आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. मध्यरात्री मंगळ जवळजवळ डोक्यावर येईल आणि नळी तिपाईच्या पायांना अडेल. म्हणून रात्री नऊ-दहाची वेळ बरी.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. सर्टिस मेजर हा ठळक काळसर डाग शोधायला जावं, तर तो सापडतच नाही. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. त्यामुळे रोज त्याच वेळी पाहिलं, तर जवळजवळ तीच बाजू समोर येते. डाग रोज साधारण ३७ मिनिटं उशिरा येतो. चार रात्री दहालाच पाहून निराश होऊ नका. एका रात्री तीन-चार तासांच्या अंतराने दोनदा पाहा, किंवा दोन-तीन आठवडे थांबा. तेवढ्यात दुसरी बाजू समोर येते. पुढचं सगळं या धीरावर अवलंबून आहे.

हे डाग म्हणजे समुद्र किंवा झाडी नव्हे. ते बेसाल्टचे काळे खडक आहेत, आपल्या माळव्याच्या पठाराखाली आहेत त्याच जातीचे. वारा लोहयुक्त तांबडी धूळ उडवून नेतो तिथे ते उघडे पडतात. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तरी ती बारीक धूळ उडते. २०१८च्या वादळाने तर सगळा ग्रहच झाकून टाकला होता.

म्हणून डाग अचानक पुसट झाले, तर लगेच भिंग पुसायला घेऊ नका, ओरखडे पडतील. आधी दुर्बीण चंद्राकडे वळवा. चंद्र स्वच्छ दिसला, तर धूळ बहुधा मंगळावरचीच आहे.