कॉलेजचा ऑनलाइन संदर्भ विभाग सांभाळताना या चुका टाळा

आमच्याकडं बीएच्या शेवटच्या वर्षाची एक पोरगी प्रोजेक्टसाठी बेळगावच्या जुन्या व्यापाराची माहिती हुडकत होती. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर तासभर बसली आणि येऊन म्हणाली, "सर, आपल्याकडं काहीच नाही ओ." मला लई वाईट वाटलं, कारण १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आमच्या लिंकच्या यादीत होतंच, त्यात व्यापारावर वेगळं प्रकरणसुद्धा आहे, पण आम्ही ते नोंदवलेलं 'मुंबई इलाखा गॅझेटियर, खंड २१' म्हणून. मुंबई इलाख्यात बेळगाव हुडकायचं हे तिला कुठून सुचणार?

आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे बघा. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. त्यामुळं एकाच गावचे कागद वेगवेगळ्या नावांखाली पडलेत आणि पोरं मात्र मोबाईलवर जे टाईप होईल तेच टाकून हुडकतात, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, बरेच जण इंग्रजी अक्षरांत. म्हणून प्रत्येक नोंदीत ही सगळी नावं तिन्ही लिप्यांत घाला. लायब्ररीची यादी ठेवायला कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ६५३ नंबरच्या फील्डमध्ये टाका, मोकळे शब्द घालायला ते फील्ड आहेच. शिवाय दोन ओळी साध्या मराठीत लिहा की यात काय मिळतं आणि ते कुठल्या भाषेत आहे, कारण लिंक उघडल्यावर पानंच्या पानं इंग्रजी बघून मराठी मीडियमची पोरं घाबरून बंद करतात.

दुसरी चूक फाँटची, आणि ही लवकर लक्षातच येत नाही. जुने अहवाल, स्मरणिका, प्रश्नपत्रिका श्रीलिपी नाहीतर नुडी (कन्नडसाठीचं) असल्या जुन्या फाँटांत टाईप केलेल्या असतात, पीडीएफ उघडली की दिसायला एकदम झकास, पण आत युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलला कळणारी अक्षरं, नसतं त्यामुळं सर्च केलं की शून्य. तपासायचं कसं? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, मराठी आली तर ठीक, चित्रविचित्र अक्षरं आली तर जुना फाँट आहे असं समजा. आणि ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो नुसता पानाचा फोटो आहे. सगळं परत टाईप करायला माणसं कुठली आणायची, ते मलाही माहीत आहे, पण निदान नाव, लेखक, वर्ष आणि अनुक्रमणिका युनिकोडमध्ये भरा, तेवढ्यानंही पुष्कळ सापडायला लागतं.

आता लॉगिनचं. बऱ्याच ठिकाणी ग्रंथपाल आपल्याच खुर्चीत बसून लिंक उघडून बघतात, चालू आहे म्हणतात आणि विषय संपला. अहो, कॉलेजच्या नेटवर उघडणारच की! खानापूर, निपाणीहून येणारी पोरं चारच्या बसला पळतात, त्यांचा अभ्यास रात्री घरी मोबाईलवर. म्हणून तुम्ही पण घरून, मोबाईल डेटावर, विद्यार्थ्याच्या लॉगिनने उघडून बघा. एन-लिस्टमध्ये (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि जर्नल्स देणारी योजना) प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळतं आणि कुठूनही चालतं, पण त्यासाठी नवीन पोरांची नावं वेळेत भरायला पाहिजेत. ते राहिलं म्हणून एकच पासवर्ड नोटीस बोर्डवर लावायचा हे मात्र अजिबात करू नका, करारात बसत नाही, आणि एखाद्यानं ढीगभर डाउनलोड मारलं तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा ॲक्सेस बंद करू शकतो.

ऑनलाइन आहे म्हणजे ताजं आहे असंही धरू नका. मराठी विश्वकोश वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतो, मी स्वतः पोरांना आधी तिथंच पाठवतो, पण छापील पहिला खंड १९७६ चा आहे, त्यामुळं जुन्या खंडातून आलेल्या नोंदींतली लोकसंख्या, पिकं, कारखाने हे त्या काळचे. व्याख्येला, इतिहासाला उत्तम, आकड्यांसाठी शेजारीच जनगणनेची लिंक द्या. २०११ ला बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, प्रोजेक्टमध्ये निदान हा आकडा तरी यायला पाहिजे.

मेलेल्या लिंका दर सेमिस्टरच्या सुरुवातीला तपासा, कोहाबरोबर त्यासाठी स्क्रिप्ट येते, सर्व्हर बघणाऱ्याला सांगून चालवून घ्या. पण लिंक जिवंत असूनही साइट बंद पडते, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काईव्ह या जुनी पुस्तकं ठेवणाऱ्या साइटवर सायबर हल्ला झाला तेव्हा ते काही दिवस बंदच होतं. म्हणून गॅझेटियरसारखी कॉपीराइट संपलेली पुस्तकं आपल्या सर्व्हरवर पण उतरवून ठेवा.

आणि हो, वापर शून्य दिसला म्हणून लगेच यादीतून काढू नका. आमच्या गॅझेटियरचा वापर वर्षभर शून्यच होता. नावं घातली, दोन ओळी मराठीत लिहिल्या, त्याच पोरीला परत बसवलं आणि मी मागं गप्प उभा राहिलो. तिनं इंग्रजी अक्षरांत बेळगाव टाकलं आणि पहिल्याच पानावर खंड २१ आला.