फॉर्म २० वाचून मतं कुठून कुठे सरकली हे कसं काढायचं: सातारा-सांगलीची उदाहरणं

सांगली लोकसभेत २०१९ ला संजयकाका पाटील (भाजप) यांना ५,०८,९९५, विशाल पाटील (स्वाभिमानी पक्ष) यांना ३,४४,६४३ आणि गोपीचंद पडळकर (वंचित) यांना ३,००,२३४ मतं होती. २०२४ ला विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि त्यांना ५,७१,६६६ मतं पडली. संजयकाकांना ४,७१,६१३ आणि चंद्रहार पाटील (ठाकरे गट) यांना ६०,८६०. हे आकडे समोर आले की कुणीही पटकन म्हणतो, वंचितची मतं विशालदादांकडे गेली. गेली असतीलही, पण या बेरजांवरून ते सिद्ध होत नाही. वंचितकडची बरीच मतं भाजपकडे आणि भाजपकडची तेवढीच विशाल पाटलांकडे गेली, तरी बेरीज हीच येते. मधल्या पाच वर्षांत मयत झालेले, नव्याने नाव लागलेले आणि घरी बसलेले मतदार यात कुठेच दिसत नाहीत.

एकूण मतांमधून फक्त निव्वळ फरक कळतो. प्रत्यक्ष किती माणसं इकडून तिकडे गेली हे पाहायचं तर बूथवर उतरावं लागतं.

कागद कुठले लागतात

मुख्य कागद म्हणजे फॉर्म २०, अंतिम निकालपत्रक. त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि एकूण असतात. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो विधानसभा मतदारसंघानुसार मिळतो. लोकसभेचा असला तरी विधानसभा खंडानुसारच पाडलेला असतो. ज्या दोन निवडणुकांची तुलना करायची त्या दोन्हींचे फॉर्म घ्या. सोबत दोन्ही वेळच्या मतदार याद्यांची पहिली पानं घ्या. केंद्राचं नाव, त्यात येणारी गावं-वाड्या आणि मतदारसंख्या तिथे दिलेली असते. तिसरा कागद म्हणजे उमेदवारांची यादी, मतपत्रिकेवरच्या क्रमाने आणि चिन्हासकट. हिची गरज पुढे लागेल.

जिल्हा म्हणजे मतदारसंघ नव्हे, हे आधीच ठरवून टाका. सातारा लोकसभेत वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा येतात. फलटण आणि माण माढ्यात आहेत. सांगली लोकसभेत मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ आणि जत आहेत. इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात. ‘सांगली जिल्ह्यात भाजप इतक्याने घसरला’ असं लिहिताना ही दोन टोकं बहुतेकांच्या हिशोबातून निसटतात. आणि २००९ च्या मागे जाऊ नका. त्या वर्षीपासून मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली. नावं तीच दिसली तरी हद्दी वेगळ्या आहेत.

टंकताना

फॉर्म २० बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो, म्हणजे आकडे हाताने भरावे लागतात. एका विधानसभेत साधारण तीनशे-चारशे केंद्रं असतात. दोघांनी मिळून बसावं, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टंकावं. प्रत्येक ओळीत उमेदवारांची बेरीज अधिक नोटा ही फॉर्मवरच्या एकूण आकड्याशी ताडणारा एक रकाना ठेवा आणि फरक शून्य नसेल तिथे पेशी लाल होऊ द्या. स्कॅनमधला ३ आणि ८, १ आणि ७ यांनी भल्याभल्यांना फसवलं आहे. शेवटी उभी बेरीजही फॉर्मच्या तळाशी दिलेल्या बेरजेशी जुळली पाहिजे.

टपाली मतं बूथवर पडत नाहीत, ती तळाशी वेगळी येतात. ती वेगळीच ठेवा. साताऱ्यात हे विसरून चालत नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतले सैन्यातले मतदार टपालाने मत देतात, त्यामुळे त्या गावाच्या बूथवर त्यांचा कौल दिसतच नाही.

बूथ जुळवणे: खरी मेहनत इथे आहे

२०१९ चा बूथ क्रमांक १४५ आणि २०२४ चा १४५ एकच असेल, हे गृहीत धरलं की पुढचं सगळं चुकतं. मतदारसंख्या वाढली की केंद्र फोडतात, कमी असेल तर जोडतात, शाळेची इमारत धोक्याची ठरली तर हलवतात. मध्ये एक नवं केंद्र घुसलं की त्यापुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. २०२४ च्या लोकसभा (७ मे) आणि विधानसभा (२० नोव्हेंबर) यांच्यामध्ये जेमतेम सहा महिने होते, तेवढ्यातही केंद्रांची फेररचना झाली. म्हणून क्रमांकावर नव्हे, गावाच्या नावावर जुळवा.

गाव एकच आणि केंद्रं तीनची चार झाली असतील तर चारही एकत्र करून ‘गाव’ हा एकच घटक करा. पाटण, जावळीकडे चार-पाच वाड्यांचं मिळून एक केंद्र असतं. तिथे वाड्यांची नावं यादीतून तपासा. सांगली, मिरज, कुपवाड शहरात प्रभागापेक्षा शाळेचं नाव आणि गल्ल्यांची यादी जास्त उपयोगी पडते. जे घटक खात्रीने जुळत नाहीत ते बाजूला काढा आणि किती काढले ते लिहून ठेवा. दहातला एखादा गेला तरी चालतो, दहातले चार गेले तर तुमच्या या हिशोबावर विश्वास ठेवू नका.

टक्का कशाचा?

वर्तमानपत्रातला टक्का झालेल्या मतांवर असतो. इथे टक्का काढायचा तो नोंदलेल्या मतदारांवर, आणि ‘मत न दिलेले’ हा एक उमेदवार असल्यासारखा स्वतंत्र रकाना ठेवायचा. नाहीतर घरी बसलेला माणूस पक्ष बदलून गेलेल्या माणसासारखाच दिसतो. आपल्याकडे हा रकाना जागेप्रमाणे खूप हलतो. पाटण-जावळीचे मुंबईकर आणि विटा-खानापूर-आटपाडीचे देशभर पांगलेले गलाई (सोनं-चांदी शुद्ध करणारे) व्यावसायिक एका निवडणुकीला गाड्या करून येतात, दुसरीला येत नाहीत. तिथे एखाद्याची मतं वाढली तर लोकांचं मन बदललं की फक्त बस आली, हे या रकान्यावरून कळतं.

नोटाही सोडू नका. पलूस-कडेगावात २०१९ च्या विधानसभेला विश्वजीत कदम यांना १,७१,४९७ मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २०,६३१ मतांसह. २०२४ ला तिथे सरळ लढत झाली. ती नोटाची मतं कुठून आली आणि पुढे कुठे गेली हे न पाहता कदमांच्या मतांतल्या ‘घसरणी’विषयी बोलण्यात अर्थ नाही.

गट आधी पाडा

शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये. त्यामुळे २०१९ चा ‘राष्ट्रवादी’ रकाना २०२४ च्या कुठल्या रकान्यासमोर ठेवायचा, हा प्रश्न तांत्रिक नाही, तो तुम्हालाच ठरवायचा आहे आणि लिहून ठेवायचा आहे. सोपा मार्ग असा की प्रत्येक उमेदवारापुढे दोन खुणा करा, एक पक्षाची आणि एक आघाडीची. मग मोजणी दोन्ही पातळ्यांवर वेगळी करा.

दोन पातळ्या का, हे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत फार स्वच्छ दिसतं. तिथे आयर्लंडशी एकीकरण मागणारे राष्ट्रवादी, ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे युनियनिस्ट आणि दोन्हींत न बसणारे मध्यममार्गी, असे तीन तट आहेत. २०२२ ला शिन फेन हा राष्ट्रवादी पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. पहिल्या पसंतीची मतं २०१७ च्या २७.९ टक्क्यांवरून २९.० वर गेली. बातम्या झाल्या की राष्ट्रवाद्यांची लाट आली. पण त्याच तटातला एसडीएलपी ११.९ वरून ९.१ वर आला होता, म्हणजे दोघांची बेरीज ३९.८ वरून ३८.१ वर उतरली. युनियनिस्टांकडे डीयूपी २८.१ वरून २१.३ वर कोसळला, पण कडवा टीयूव्ही २.६ वरून ७.६ वर चढला. म्हणजे डीयूपीने गमावलेल्यातलं बरंचसं तटाच्या आतच राहिलं असावं. खरी वाढ मधल्या अलायन्सची होती, ९.१ वरून १३.५, आणि जागा ८ वरून १७.

तिथल्या अभ्यासकाला एक सोय आहे. मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम देतो आणि बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढे कुणाकडे गेली ते मोजणीच्या प्रत्येक फेरीत जाहीर होतं. आपलं बटण एकदाच दाबलं जातं, दुसरी पसंती कुठेच नोंदली जात नाही. म्हणून पुढची कसरत.

किमान आणि कमाल

सगळ्यात प्रामाणिक पद्धत हीच, आणि हिला गुणाकारही लागत नाही. साताऱ्याचं २०१९ चं उदाहरण घ्या. लोकसभेला उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून ५,७९,०२६ मतं घेऊन जिंकले. समोर शिवसेनेचे नरेंद्र पाटील, ४,५२,४९८. सहाच महिन्यांनी, २१ ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत, उदयनराजे भाजपकडून उभे होते. त्यांना ५,४८,९०३ आणि राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांना ६,३६,६२०. माणूस तोच, पक्ष पलटला. राजेंची आपली मतं किती आणि पक्षाची किती, हे मोजायला याहून चांगली संधी मिळत नाही.

युतीची सगळी ४,५२,४९८ मतं राजेंकडे वळली असं धरलं, तरी ९६,४०५ मतं दुसरीकडून आली पाहिजेत. ती त्यांच्या जुन्या मतदारांची? असेलच असं नाही. पोटनिवडणूक विधानसभेसोबत झाली, त्यामुळे मतदान वाढलं. दोन्ही मुख्य उमेदवारांची बेरीज १,५३,९९९ ने जास्त आहे. म्हणजे मतदारसंघाच्या पातळीवर जुन्या मतदारांपैकी किती टिकले याचं किमान उत्तर शून्य आणि कमाल साडेपाच लाख. काहीच कळलं नाही!

आता बूथवर या. समजा एका गावात ९०० मतदार आहेत. एप्रिलमध्ये राजे ६२०, सेना ६०, इतर २०, गैरहजर २००. ऑक्टोबरमध्ये राजे ४३०, राष्ट्रवादी ३००, इतर २०, गैरहजर १५०. राजेंच्या ४३० मधून सेना, इतर आणि गैरहजर मिळून सगळे २८० वजा केले तरी १५० उरतात. इतके जुने मतदार नक्की टिकले. कमाल ४३०. एप्रिलला घरी असलेल्यांपैकी फक्त ५० नवे आले (२०० चे १५० झाले) असं मानलं, तर किमान आकडा ३०० वर जातो. मात्र हे मानलेलं आहे, मोजलेलं नाही. म्हणून दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यात ठेवा.

असं प्रत्येक घटकासाठी करा आणि किमान-किमानांची बेरीज घ्या, कमाल-कमालांची घ्या. एकतर्फी गावं जितकी जास्त, तितकी ही मर्यादा आवळत जाते. चुरशीच्या गावातून फारसं काही हाती लागत नाही, तिथे वेळ घालवू नका.

उतार

ज्यांना एकच आकडा हवा असतो ते स्प्रेडशीटमधलं स्लोप (उतार) आणि इंटरसेप्ट (छेद) हे सूत्र वापरतात. आडव्या अक्षावर जुना टक्का, उभ्यावर नवा. समजा छेद ०.१८ आणि उतार ०.४५ आला. याचा अर्थ, जे आधी त्याचे नव्हते त्यांच्यातले १८ टक्के आले आणि जे त्याचे होते त्यांच्यातले ६३ टक्के (१८ अधिक ४५) टिकले. मोठ्या गावाचं आणि छोट्या वाडीचं वजन सारखं पडू नये म्हणून दोनशेहून कमी मतदारांचे घटक वगळा.

यात एक मोठी मेख आहे. सगळीकडचा मतदार सारख्याच प्रमाणात हलला असं हे सूत्र धरून चालतं. कराडचा पट्टा आणि कोयनाकाठची वाडी सारखी हलत नाहीत. जतच्या पूर्व भागातली कानडी बोलणारी गावं आणि कृष्णाकाठचा ऊसपट्टा तर अजिबात नाही. म्हणून तालुक्यावार वेगळा उतार काढा. बेरीज १०० टक्क्यांच्या वर किंवा शून्याखाली गेली तर सूत्र चुकलं नाही, गृहीतक मोडलं. एखाद्या कारखान्याचा गट अख्खाच्या अख्खा फिरला की नेमकं असं होतं. शिवाय किमान-कमाल मर्यादेबाहेरचा उतार सरळ टाकून द्या.

बंडखोर आणि पिपाणी

‘बंडखोर नसता तर निवडून आलो असतो’ हे वाक्य तपासायला एक मिनिट लागतं. सांगली विधानसभेत २०२४ ला सुधीर गाडगीळ (भाजप) १,१२,४९८, पृथ्वीराज पाटील (काँग्रेस) ७६,३६३, अपक्ष जयश्री पाटील ३२,७३६. काँग्रेस आणि बंडखोर यांची पूर्ण बेरीज १,०९,०९९ होते. तरी ३,३९९ कमीच. एकही मत न गळता सगळी एकत्र आली असती तरी पुरत नव्हतं. बंडखोरी नसती तर वातावरणच वेगळं असतं, हा दावा करता येतो, पण तो या कागदावरून सिद्ध होणारा नाही.

सातारा लोकसभेचं २०२४ चं गणित उलटं आहे. उदयनराजे (भाजप) ५,७१,१३४, शशिकांत शिंदे (शरद पवार गट, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस) ५,३८,३६३, फरक ३२,७७१. आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाशी साधर्म्य असलेल्या पिपाणीवर उभ्या अपक्षाला ३७,०६२ मतं. इथे बेरीज पुरते, पण बेरीज पुरली म्हणजे गोंधळच झाला असं नव्हे. तपासायचं असं: त्या अपक्षाचा टक्का आणि शिंदे यांचा टक्का बूथवार शेजारी ठेवा. चिन्हाचा गोंधळ असेल तर जिथे तुतारीचा जोर तिथे पिपाणीही वर, जिथे कमळाचा जोर तिथे खाली, असं सगळ्या तालुक्यांत दिसलं पाहिजे. त्याची मतं ठरावीक गावांतच साठलेली असतील तर ती त्याची स्वतःची असण्याची शक्यता जास्त. तुलनेला याच यादीतला, साधारण त्याच क्रमांकावरचा, वेगळ्याच चिन्हाचा दुसरा अपक्ष घ्या. मतपत्रिकेच्या क्रमाची यादी ठेवायला सांगितली होती ती यासाठी.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेचे निकाल या फाईलला जोडायचे असतील तर वेगळं पान उघडा. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभेची यादी फोडून जिल्हा परिषद गट आणि महापालिका प्रभाग यांच्या याद्या होतात. केंद्रं जुळत नाहीत. गाव हा घटक ग्रामीण भागात बऱ्यापैकी टिकतो, शहरात टिकत नाही.