मोनेसारखा उजेड रंगवायचाय? पर्वतीवर जा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने जन्मला पॅरिसला, 1840 मध्ये, पण वाढला ल हाव्र या बंदराच्या गावी आणि पोरवयातच लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा. तिथेच बूदँ नावाच्या चित्रकाराने त्याला उघड्यावर बसून रंगवायची सवय लावली. तर आपणही तेच करायचं, मोबाईलमधल्या फोटोवरून नाही. सकाळी सातला पर्वतीच्या पायऱ्यांवर कडेला बसा (मधे नको, व्यायामवाले वैतागतात) आणि काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. पायरीची सावली नीट बघा, ती नुसती काळी नसतेच, निळसर जांभळट झाक असते, मग अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) जरासा क्रिमसन (गडद लाल) मिसळा आणि शेजारी उन्हाच्या कडेला पिवळट केशरी लावा, दोन्ही एकमेकांत घोटू नका, फटकारे सुटेच राहू देत, म्हणजे चार पावलं मागे जाऊन बघितलं की ऊन खरंच चमकतं. थोड्या वेळात उजेड बदलतो, तेव्हा तेच चित्र ओढत बसायचं नाही, दुसरा कागद घ्यायचा. गवताच्या गंजी रंगवताना मोने असेच कॅनव्हास बदलायचा. पहिला कागद उद्या त्याच वेळेला पुढे न्या. ढग आले तर मात्र सरळ खाली उतरून चहा घ्या.