पीएचपीचं पान कोरं येतंय? आधी त्याला बोलू द्या

पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालून वेबपान तयार करणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यात हे हमखास होतं. कोड लिहिला, सेव्ह केला, ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि समोर पांढरंशुभ्र पान, नाहीतर नुसतं पाचशे नंबरचं एरर, आणि मग माणूस घाबरून ही ओळ काढ, ती ओळ टाक असं करत बसतो आणि तासाभराने मूळ चूक राहते बाजूला, नवीन चार तयार होतात. असं करू नका. पान कोरं आहे म्हणजे बहुतेक वेळा पीएचपीला चूक कळलेली आहे, फक्त ती तुम्हाला दाखवायची नाही अशी सेटिंग आहे.

(कोडमधले शब्द मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करा.)

तर पहिलं काम, एरर दिसू द्या. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये डिस्प्ले अंडरस्कोर एरर्स ऑन करा आणि एरर अंडरस्कोर रिपोर्टिंगला ई अंडरस्कोर ऑल द्या, मग अपाची किंवा जो सर्व्हर असेल तो रीस्टार्ट करा, रीस्टार्ट विसरला तर बदल लागणारच नाही. कधीकधी मशीनवर दोन-तीन आयएनआय फाइली असतात आणि आपण भलतीच एडिट करत बसतो, म्हणून एका पानावर पीएचपीइन्फो हे फंक्शन चालवा आणि त्यात 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' समोर कुठला पाथ आहे ते बघा, तीच फाइल खरी.

बरेच जण हेच सेटिंग कोडमध्ये सगळ्यात वर आयएनआय अंडरस्कोर सेटने करतात. चालतं, पण सिंटॅक्सची चूक त्याच फाइलमध्ये असेल तर त्या ओळीचा काही उपयोग नाही, कारण पीएचपी आधी सगळी फाइल वाचतं आणि वाचतानाच अडकलं तर पहिली ओळसुद्धा चालत नाही. अशा वेळी टर्मिनल उघडून पीएचपी, स्पेस, डॅश एल, स्पेस आणि फाइलचं नाव एवढं द्या. एल लहान लिपीतला. ते कोड न चालवता फक्त सिंटॅक्स तपासतं आणि चूक असेल तर ओळ नंबर सांगतं. मला ही कमांड फार आवडते, दोन सेकंदांत निकाल.

ओळ नंबरबद्दल एक लक्षात ठेवा, पार्स एररमध्ये सांगितलेली ओळ म्हणजे पीएचपी जिथे अडकलं ती, चूक बऱ्याचदा तिच्या वरच्या ओळीत असते. वरच्या ओळीचा सेमीकोलन राहिला तर एरर खालच्या ओळीवर येतो. आणि 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' आलं तर कुठला तरी कोट (पीएचपी ८ च्या आधीच्या आवृत्तीत महिरपी कंससुद्धा) उघडा राहिलाय, शेवटच्या ओळीकडे बघत बसू नका, इंडेंट नीट लावा, उघडा कंस आपोआप दिसतो.

पानावर निकालाऐवजी कोडच छापला जातोय का? मग ॲड्रेस बार बघा. तिथे फाइल कोलन असं काही असेल तर तुम्ही फाइलवर डबल क्लिक करून उघडलीय, पीएचपी वाटेत आलंच नाही. लोकलहोस्टवरून उघडा. फाइलचं एक्स्टेन्शन डॉट पीएचपी आहे ना तेही बघा.

आता 'हेडर्स ऑलरेडी सेंट'. याच्यावर जरा थांबू, कारण इथे खूप जण अडकतात. लॉगिन झाल्यावर दुसऱ्या पानावर पाठवायला तुम्ही हेडर फंक्शनने लोकेशन दिलं आणि वॉर्निंग आली. कारण साधं आहे, ब्राउझरला आधी हेडर (पानाबद्दलच्या सूचना) जातात आणि मग मजकूर, मजकुराचं एक अक्षर जरी पुढे गेलं तरी हेडर पाठवायची वेळ संपली. आता ती वॉर्निंग पूर्ण वाचा. तिच्यात दोन फाइली आणि दोन ओळ नंबर असतात. शेवटी असते ती तुमची हेडरची ओळ, ती निर्दोष आहे. कंसात 'आउटपुट स्टार्टेड ॲट' म्हणून जी फाइल आणि ओळ दिलीय ती खरी जागा.

समजा तिथे कॉन्फिग फाइलची शेवटची ओळ दाखवलीय. उघडून बघितलं तर पीएचपीचा बंद टॅग आणि खाली रिकाम्या ओळी. बंद टॅगच्या लगेच पुढची एक एंटर पीएचपी गिळून टाकतं पण त्याच्या पुढची रिकामी ओळ किंवा एखादी स्पेस थेट ब्राउझरकडे जाते. म्हणून ज्या फाइलमध्ये फक्त पीएचपी आहे तिथे बंद टॅग लिहूच नका, तो नसला तरी चालतं. आणि कंसात पहिली ओळ दाखवत असेल आणि तिथे काहीच दिसत नसेल तर फाइल बॉमसकट सेव्ह झालीय, म्हणजे सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट आहेत, एडिटरमध्ये 'यूटीएफ-८ विदाउट बॉम' निवडून परत सेव्ह करा. हेडर लोकेशनच्या खाली एक्झिट पण लिहाच, नाहीतर खालचा कोड चालत राहतो.

हाच कोड माझ्या मशीनवर चालतो आणि सर्व्हरवर नाही, असं का? पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना आयएनआय फाइलींमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ असतं, म्हणजे तेवढे बाइट होईपर्यंत मजकूर रोखून धरला जातो आणि चूक झाकली जाते. दुसऱ्या सर्व्हरवर बफरिंग बंद असलं की ती बाहेर येते.

फॉर्मचं बघू. 'अनडिफाइन्ड अरे की' आलं की आधी इनपुटला नेम ॲट्रिब्यूट आहे का बघा, नुसती आयडी असेल तर व्हॅल्यू सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मग फॉर्मची मेथड बघा, गेट असेल आणि तुम्ही पोस्टमध्ये शोधत असाल तर कसं मिळणार. टिक न केलेला चेकबॉक्स तर अजिबातच येत नाही, तिथे दोन प्रश्नचिन्हांचं ऑपरेटर वापरून डिफॉल्ट द्या. अंदाज बांधायची गरजच नाही, पानाच्या वरती पोस्ट अरेचं व्हार डंप करा, जे आलंय ते समोर दिसेल. फाइल अपलोड होत नसेल तर फॉर्मला एन्कटाइप मल्टिपार्ट दिलाय का बघा, आणि फाइल मोठी असेल तर मर्यादा, मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी. ही दुसरी मर्यादा ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही अरे रिकामे येतात, म्हणून फॉर्म सबमिटच झाला नाही असं वाटतं.

डेटाबेसमध्ये 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल अंडरस्कोर कनेक्ट' आलं तर तुमच्यासमोरचा धडा जुना आहे. ती फंक्शन्स २०१५ साली पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) शिका आणि पहिल्या दिवसापासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि व्हॅल्यू वेगवेगळ्या देणं) लिहा, युजरने टाकलेली व्हॅल्यू क्वेरीत सरळ जोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही, हा माझ्या स्वतःच्या कोडमधला किस्सा. पासवर्ड हॅश या फंक्शनने पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप, म्हणजे हॅश, सेव्ह, पासवर्ड व्हेरिफायने चेक, सगळं पुस्तकाप्रमाणे आणि उत्तर कायम फॉल्स. शेवटी टेबलमधला हॅश एसटीआरलेनने मोजला तर ५०. बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो, कॉलम व्हारकॅर ५० होता आणि डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये (न मावणारी व्हॅल्यू नाकारणाऱ्या सेटिंगवर) नसल्यामुळे त्याने शेवटची दहा अक्षरं गुपचूप कापली होती. कॉलम २५५ चा केला, पासवर्ड नव्याने सेव्ह केला, झालं.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर टेबल आणि कनेक्शन दोन्हींचा कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा, नुसतं टेबल बदलून भागत नाही. आणि मराठीची लांबी मोजताना 'नमस्ते' ला एसटीआरलेन १८ सांगतं कारण ते बाइट मोजतं, एमबी अंडरस्कोर एसटीआरलेन ६ सांगतं. ते सुद्धा काना-मात्रा आणि हलन्त वेगळे धरून, पण निदान एमबीच्या फंक्शनने मजकूर कापताना एखाद्या चिन्हाचे बाइट अर्धवट तुटत नाहीत.

बदल करूनही पानावर काही फरक दिसत नसेल तर त्या फाइलच्या पहिल्या ओळीत डाय टाकून बघा. पान तिथे थांबलं नाही तर तुम्ही एडिट करताय ती फाइल आणि चालतेय ती फाइल वेगळी आहे, किंवा ओपीकॅश (पीएचपीचा कोड तयार करून साठवणारा भाग) जुनी कॉपी देतंय.

सर्व्हरवर चढवल्यावर इन्क्लूड सापडत नाही म्हणाला तर फाइलनावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं जुळवा, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. पाथ अंडरस्कोर अंडरस्कोर डीआयआर अंडरस्कोर अंडरस्कोर (चालू फाइलचं फोल्डर) पासून सुरू करा. आणि साइट लोकांसाठी खुली करायच्या आधी डिस्प्ले एरर्स परत ऑफ करा, एररमध्ये तुमचे फाइल पाथ आणि क्वेऱ्या दिसतात, त्या परक्या माणसाने बघायच्या नसतात. लॉग अंडरस्कोर एरर्स मात्र ऑनच राहू द्या आणि ती लॉग फाइल कुठे आहे ते आजच शोधून ठेवा.