बाह्य एसएसडी यूएसबीवर पूर्ण वेगाने कशी चालवावी

एसएसडी नवी, पोर्टही निळं (म्हणजे वेगवान यूएसबी ३.० चं), तरी कॉपीचा वेग वाढत नाही. अशा वेळी लगेच ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायला जाऊ नका. वेग केबलमध्ये अडलाय, ड्रायव्हरमध्ये की विंडोजच्या सेटिंगमध्ये, ते आधी शोधा.

त्यासाठी चार-पाच जीबीची एकच फाइल डिस्कवर कॉपी करा. सुरुवातीचा मोठा आकडा फसवा असतो, कारण डेटा आधी रॅममध्ये साठतो. आकडा स्थिरावला की तो खरा. हजारो फोटो कॉपी करून वेग मोजू नका. लहान फाइली कुठेही रेंगाळतातच.

आकडा सेकंदाला ३५-४० मेगाबाइटवर थांबला, तर बहुधा जोडणी यूएसबी २.० वर झाली आहे. तिची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी लागतं. इथे कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. केबल बदला: चार्जिंगच्या कित्येक टाइप-सी केबलमध्ये फक्त २.० च्याच तारा असतात. जुन्या चौकोनी (टाइप-ए) प्लगमध्ये डोकावून पाहा, पुढे चार पट्ट्या आणि आत मागे आणखी पाच दिसतील. वेगवान जोडणी त्या मागच्या पाचांवर होते. प्लग हळूहळू सरकवला तर पुढच्या चार आधी टेकतात आणि संगणक २.० वरच समाधान मानतो. म्हणून प्लग एका दमात आत घाला. हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारं उपकरण) असेल तर तोही मधून काढून बघा.

जोडणी ठीक असेल तर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'स्टोरेज कंट्रोलर्स'खाली 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' असं नाव दिसलं तर योग्य ड्रायव्हर चालू आहे. तो अनेक आज्ञा एकदम रांगेत लावतो. त्याऐवजी यूएसबी कंट्रोलर्सच्या यादीत नुसतं 'यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस' असेल, तर जुनी पद्धत चालू आहे: एक आज्ञा संपली की पुढची. अशा वेळी संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर घ्या, डिस्क काढून पुन्हा जोडा. तरीही नाव बदललं नाही, तर डिस्कच्या खोक्यातली चिपच बहुधा नवी पद्धत जाणत नाही. बळजबरी करू नका. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट' करून देणाऱ्या प्रोग्रॅमपासून तर लांबच राहा.

लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' पर्यायासह (lsusb -t) द्या. प्रत्येक उपकरणापुढे ड्रायव्हर आणि वेग दिसतो. किमान ५००० एम (५ गिगाबिट) आणि 'यूएएस' (वरचंच 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय') हवं. काही सदोष चिपसाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) मुद्दाम जुना ड्रायव्हर लावतो. ती खबरदारी डेटासाठीच आहे, ती मोडू नका.

आता लिहिण्याचा वेग. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाह्य डिस्क 'क्विक रिमूव्हल'वर असते, म्हणजे कधीही काढता यावी म्हणून राइट कॅशिंग (डेटा आधी मेमरीत ठेवून मग लिहिणं) बंद असतं. डिव्हाइस मॅनेजरच्या 'डिस्क ड्राइव्ह्ज'मध्ये आपल्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमधला 'पॉलिसीज' टॅब उघडा, 'बेटर परफॉर्मन्स' निवडा आणि राइट कॅशिंगवर खूण करा. त्याखालची बफर फ्लशिंग बंद करणारी खूण मात्र करू नका. वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. यापुढे डिस्क काढताना दर वेळी 'सेफली रिमूव्ह' वापरावंच लागेल.

पुन्हा तीच फाइल कॉपी करून बघा. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४०० मेगाबाइटच्या आसपास पोचली, तर आणखी काही करायची गरज नाही. फिरती हार्ड डिस्क शंभर-दीडशेवर थांबली, तर ती तिच्या तबकडीची मर्यादा आहे.