दिल्लीत नव्यानं येणारे खासदार साहेब, ताई आणि त्यांचे पीए यांच्यासाठी

२००४ च्या जूनमध्ये मी परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीत उतरलो. खासदार म्हणून नव्हे, नव्या खासदारांचा पीए म्हणून, त्यांची बॅग धरून. चौदावी लोकसभा बसत होती. त्यानंतर अठराव्या लोकसभेपर्यंत दर खेपेला नवी मंडळी येताना पाहिली. माझे साहेब चार झाले, मी मात्र इथंच राहिलो. गुलालाचा वास अंगाला असतानाच माणूस येतो आणि पहिल्या आठवड्यात त्याच चुका करतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कागद. निवडणूक अधिकाऱ्यानं दिलेलं विजयाचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा. ते फ्रेम करून बैठकीत लावून येणारे मी दोन पाहिलेत. मग रात्रीच्या गाडीनं कुणीतरी फ्रेमसकट घेऊन येतं. आमदार असताना खासदार झाला असाल तर चौदा दिवसांचा हिशेब पक्का लक्षात ठेवा. राजपत्रात निकाल छापून आल्यापासून चौदा दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर जाते ती खासदारकी. लोकांना उलटं वाटतं. “बघू, आधी पोटनिवडणुकीचं गणित बसू द्या,” म्हणत बसू नका. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत जिल्ह्यात द्यायचा, मालमत्तेचं विवरण शपथेपासून नव्वद दिवसांत इथं. हे कार्यकर्त्यावर सोडायचं काम नाही.

शपथ मराठीत घेता येते. घ्याच. मजकूर छापलेला मिळतो, पण आदल्या रात्री मोठ्यानं वाचून पाहा. “सार्वभौमता व एकात्मता” म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. २०२४ मध्ये शपथेच्या मागंपुढं घोषणा देण्याचा सपाटा लागला, तेव्हा अध्यक्षांनी नियमच केला: छापलंय तेवढंच म्हणायचं. आणि शपथेआधी सभागृहात सदस्य म्हणून बसलात तर राज्यघटनेच्या कलम १०४ प्रमाणे दिवसाला पाचशे रुपये दंड आहे. १९५० पासून तेवढाच.

घराचं म्हणाल तर पहिले काही महिने तुम्ही वेस्टर्न कोर्टात, म्हणजे खासदारांच्या सरकारी वसतिगृहात, किंवा महाराष्ट्र सदनात राहणार. नव्या माणसाला सहसा बंगला मिळत नाही, नॉर्थ अव्हेन्यू किंवा साउथ अव्हेन्यूचा फ्लॅट मिळतो. त्यावर रुसून, घरं वाटणाऱ्या आवास समितीच्या दारात सहा महिने खेटे घालणारे साहेब पाहिलेत. त्या सहा महिन्यांत मतदारसंघाचं एकही काम झालं नाही. मिळेल ते घ्या.

आता बोलण्याचं. आपली हिंदी हे एक प्रकरण आहे. आपण “तुम्ही”चं सरळ “तुम” करतो. आपल्या मनात आदरच असतो, पण इथं “तुम” म्हणजे तू. माझे पहिले साहेब एका मंत्रालयात जॉइंट सेक्रेटरींसमोर बसले होते. चहा आला होता, फाइल उघडी होती, बाई स्वतः टिपण काढत होत्या. साहेब प्रेमानं म्हणाले, “तुम बोलो ना मॅडम, मेरे को कब तक मिलेगा?” बाईंनी काही न बोलता पेनाला टोपण लावलं. चहा संपला, “हम देखेंगे” झालं, आणि ती फाइल पुढच्या अधिवेशनापर्यंत दिसली नाही. जिन्यात मी साहेबांना सांगितलं, तर ते माझ्यावरच तापले, “अरे, मी आदरानंच बोललो की!” शिपायालासुद्धा “आप” म्हणा आणि नावापुढं “जी” लावा. नसेल जमत तर सरळ मराठीत बोला, मी सोबत असतो. सभागृहात मराठीत बोलायचं असेल तर आधी कळवून ठेवा, दुभाष्याची सोय होते.

यापुढचं नीट वाचा. बाकी विसरलात तरी चालेल.

कोऱ्या लेटरहेडवर सही करू नका. साहेब कितीही घाईत असोत, पीए कितीही विश्वासू असो, मी असलो तरी करू नका.

ही चूक माझी आहे. पावसाळी अधिवेशन संपलं होतं, साहेबांचं विमान संध्याकाळचं. मीच म्हणालो, “साहेब, चाळीसेक सह्या करून ठेवा, रेल्वेच्या कोट्याची पत्रं अडतात.” गाडीच्या बॉनेटवर लेटरहेडचा गठ्ठा ठेवून त्यांनी सह्या ठोकल्या. मी तो गठ्ठा फ्लॅटमधल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कुलूप नव्हतं. घरात गावाकडची आठ-दहा माणसं मुक्कामाला असायची, कुणी उपचाराला, कुणी परीक्षेला, कुणी नुसतंच दिल्ली बघायला. दिवाळीनंतर एका कार्यालयातून फोन आला: आपल्या साहेबांनी अमक्याच्या बदलीसाठी जोरदार शिफारस केलीय, खरी का? अमका कोण ते साहेबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. सही मात्र अस्सल. शेवटी “सही माझी, पत्र माझं नाही,” असं साहेबांना लेखी द्यावं लागलं. एका खासदारानं असं लिहून देणं म्हणजे काय, ते त्या कार्यालयातल्या क्लार्कच्या चेहऱ्यावर मी वाचलं. गठ्ठा मोजला तर अकरा पानं कमी होती. त्यातलं एकच सापडलं. उरलेली दहा कुठं आहेत, या विचारानं मला अजून अधूनमधून रात्री जाग येते. साहेबांनी मला काढलं नाही, पण दोन वर्षं ड्रॉवरची किल्ली त्यांच्या जानव्याला होती.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: प्रत्येक लेटरहेडवर क्रमांक, जावक रजिस्टरमध्ये नोंद, पत्राची झेरॉक्स, सही पूर्ण मजकुराखालीच. पहिल्या दिवशी शंभर रुपयांचं रजिस्टर आणि एक कुलूप आणा. सोफा नंतर घ्या.

लॉगिनलाही हाच न्याय. प्रश्न आता पोर्टलवरून जातात आणि पासवर्ड पीएला देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. डिसेंबर २०२३ मध्ये एका सदस्याला लोकसभेनं घालवलं, त्या प्रकरणात मुद्दा लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याचाही होता. त्याच्याही आधी, डिसेंबर २००५ मध्ये, प्रश्न विचारायला पैसे घेतल्याच्या प्रकरणात अकरा खासदार गेले, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. तेव्हा मी इथं वर्ष-दीड वर्षाचा होतो. साउथ अव्हेन्यूत त्या आठवड्यात माणसं एकमेकांच्या घरी चहालाही जात नव्हती. तेव्हा मजकूर मी टाइप करतो, पण बटण साहेबांनी दाबायचं.

लोकांना वाटतं खासदार कायदे करतो. करतो, पण सकाळी सातला फोन येतो तो “पीएनआर लिहून घ्या” म्हणून, म्हणजे रेल्वे तिकिटाचा नंबर. वेटिंगचं तिकीट पक्कं करायला लागणारं इमर्जन्सी कोट्याचं पत्र आदल्या दिवशीच पोचलं पाहिजे, चार्ट लागल्यावर देवही काही करू शकत नाही. दुसरं काम एम्सचं. मराठवाड्यातून, विदर्भातून रिपोर्टची पिशवी छातीशी धरून माणसं येतात. त्यांच्यासाठी पत्र द्या, पण शक्य असेल तर पीएला सोबत पाठवा. ओपीडीच्या रांगेत पत्रापेक्षा हिंदी बोलणारा माणूस जास्त कामी येतो. केंद्रीय विद्यालयाच्या दहा जागांचा खासदार कोटा २०२२ मध्ये बंद झाला. तरी अजून लोक येतात. पहिल्याच दिवशी “नाही” म्हणा, झुलवू नका.

आता प्रश्न विचारण्याबद्दल, कारण ही खरी ताकद आहे आणि आपली माणसं ती वाया घालवतात. नोटीस किमान पंधरा दिवस आधी लागते. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, ते कोष्टक भिंतीवर चिकटवा. लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न लागतात, तेही बॅलटनं, म्हणजे सोडत काढून. तारांकित लागला की साहेब खूष, कारण सभागृहात उभं राहायला मिळतं आणि क्लिप गावाकडं फिरते. पण अकरा ते बाराच्या तासात पाच-सहा प्रश्न झाले तरी पुष्कळ. तुमचा सतरावा असेल तर क्लिप विसरा. मला विचाराल तर अतारांकित प्रश्न सोनं आहे. लेखी उत्तर पटलावर येतं आणि ते मंत्रालयाला पुढं नाकारता येत नाही. फक्त प्रश्न बारीक विचारा. “देशातील रेल्वे प्रकल्पांची स्थिती काय?” असं विचारलंत तर तीन पानांचं परिशिष्ट येईल आणि त्यात काही नसेल. त्याऐवजी अमुक तालुक्यात किती हेक्टर भूसंपादन बाकी, या वर्षी किती तरतूद, त्यातली किती खर्च, असं विचारा.

आमच्या भागाचंच घ्या. अहिल्यानगर–बीड–परळी, २६१ किलोमीटरचा मार्ग. १९९५ ला मंजूर झाला आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. मी दिल्लीत आल्यापासून या मार्गावरची उत्तरं एका फाइलीत लावत गेलो. एका वर्षीचं उत्तर दुसऱ्या वर्षीच्या उत्तराशी जुळत नाही, आणि ती दोन पानं शेजारी ठेवली की बैठकीत अधिकारी खुर्चीत सरळ बसतो.

खासदार निधी वर्षाला पाच कोटी. पैसा तुमच्या हातात येत नाही, तुम्ही काम सुचवायचं, पुढचं जिल्हा प्रशासनाकडं. १५ टक्के अनुसूचित जाती आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात. कलेक्टरांशी भांडण असेल तर मिटवून घ्या.

व्हिप, म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसं मत द्यायचा पक्षाचा आदेश, आला की हजर राहा, एवढंच सांगतो. त्याचे परिणाम महाराष्ट्राला मी काय समजावणार!

राहता राहिली आपली मंडळी. महाराष्ट्राचे ४८ लोकसभेत आणि १९ राज्यसभेत, म्हणजे सदुसष्ट माणसं. तमिळ खासदार पाण्याच्या प्रश्नावर पक्ष विसरून एका रांगेत उभे राहतात. आपले महाराष्ट्र सदनाच्या जेवणघरात दोन टेबलं सोडून बसतात आणि शुक्रवारी दुपारी विमानतळाकडं पळतात. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांचे असतात, सभागृह रिकामं असतं, हवं तेवढं बोलायला मिळतं. एखादा शुक्रवार थांबून बघा. शनिवारी पहाडगंजात किंवा करोल बागेत आपली जुनी मराठी घरं आहेत, तिथं जा. ती माणसं तुमच्याकडं काही मागणार नाहीत, उलट जेवू घालतील.

आणि हिवाळी अधिवेशनाला गावाकडचा स्वेटर घालून येऊ नका. संसदेत हीटर असतो, पण धुक्यात विमान चार-चार तास उशिरा सुटतं आणि पहाटे पाचला टर्मिनलबाहेर टॅक्सी शोधावी लागते. बंद गळ्याचा लोकरी कोट शिवायचा असेल तर मापं ऑक्टोबरातच द्या. नोव्हेंबरात शिंपी लग्नांच्या शेरवान्यांत बुडालेले असतात आणि खासदार म्हणून सांगितलं तरी तारीख जानेवारीचीच मिळते.